पोलादी नगर : नौकरी आणि काम

कारखान्याच्या गांवाचा इतिहास लिहिणें वरवर पाहतां सोपें आहे. करार कधीं झाला, पहिली भट्टी कधीं पेटली, उत्पादन किती टनांवर गेलें, एवढें सांगितलें कीं बहुतेक लेखकांस आपलें कार्य संपलेंसें वाटतें. भिलाईचा इतिहास असाच अनेकदां लिहिला गेला आहे, आणि त्यांतील आंकडे खरेच आहेत. फेब्रुवारी १९५५ मध्यें भारत व सोव्हिएट रशिया यांच्यांत करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजीं राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें पहिल्या झोतभट्टीचें उद्घाटन झालें. दहा लक्ष टनांची क्षमता पुढें पंचवीस व नंतर चाळीस लक्षांवर गेली. परंतु ह्या वाढीचा वांटा कोणाच्या घरीं किती पोंचला, हें आंकड्यांवरून कळत नाहीं.

तें सांगणारा ग्रंथ म्हणून जोनाथन पॅरी यांच्या ‘क्लासेस ऑफ लेबर’ ह्या २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. अजय टी. जी. यांच्या साहाय्यानें, भिलाईंत वारंवार राहून, ग्रंथकारांनीं अनेक वर्षें हें संशोधन केलें. आपला सिद्धांत त्यांनीं तेथील लोकांच्याच तोंडच्या दोन शब्दांत पकडला आहे : ‘नौकरी’ आणि ‘काम’. कायम कामगाराची ती नौकरी; तिच्याबरोबर घर, शाळा, दवाखाना आणि म्हातारपणची तरतूद. कंत्राटी मजुराचें तें नुसतें काम. आज आहे, उद्यां नाहीं. एकाच भट्टीपाशीं राबणारे हे दोघे एका वर्गांतले नव्हत, असें ग्रंथकार निक्षून म्हणतात, आणि त्यांचा पुरावा आम्हांस पटतो. एके काळीं साठ हजारांवर असलेली कायम कामगारांची संख्या पुढें निम्म्याच्याही खालीं आली. पोलाद वाढत असतां नौकरी आटत गेली, हा भिलाईच्या इतिहासाचा गाभा होय.

पॅरी यांच्या लेखनांतील बारकावाही दाद देण्याजोगा आहे. कारखान्यासाठीं माणसांचा बळी दिला जातो अशी आवई आसपासच्या खेड्यांत उठली होती व प्रारंभीं पुष्कळ गांवकरी तेथें जाण्यास कचरत, ही हकीकत त्यांनीं अडाणीपणाचा नमुना म्हणून हंसण्यावारी नेलेली नाहीं. ज्यांची जमीन गेली त्यांच्या भयाचा अर्थ त्यांनीं शोधला आहे.

तथापि ह्या सिद्धांताची चौकट आम्हांस कांहींशी आवळ वाटते. भिलाईस लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहरा येथील कंत्राटी खाणमजुरांनीं १९७७ सालीं शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालीं संघटना उभारली आणि १९८३ सालीं स्वतःच्या श्रमानें व पैशानें रुग्णालय काढलें. १९९१ सालीं नियोगींची हत्या झाली. रुग्णालय मात्र टिकलें. ‘काम’ करणारा मनुष्य केवळ वंचित नव्हे, तो संस्था निर्माण करूं शकतो, हें ह्यावरून दिसतें. दोन वर्गांच्या विभागणींत ह्या कर्तृत्वास पुरेसें स्थान मिळत नाहीं. शिवाय ग्रंथ इतका विस्तृत व शास्त्रीय आहे कीं सामान्य वाचक त्याच्या वाटेस सहसा जाणार नाहीं. त्याचा सार मराठींत येणें अगत्याचें आहे.

हिंगोलीच्या वाचकास भिलाईशीं आपलें काय नातें, असें वाटेल. १९५६ पूर्वीं भिलाई ज्या प्रांतांत होती त्याची राजधानी नागपूर होती, आणि देशांतील रेल्वेचे रूळ मुख्यतः तेथेंच घडतात, हें नातें तर आहेच. पण खरें नातें आशेचें आहे. १ मे १९९९ रोजीं स्वतंत्र झालेला आमचा हा जिल्हा हळद, कापूस व सोयाबीन यांवर जगतो. एखादा मोठा कारखाना येईल व मुलें मार्गीं लागतील, असें येथें घरोघर बोललें जातें. कारखाना अवश्य यावा. मात्र त्याच्या पायाभरणीच्या दिवशींच विचारून ठेवावें कीं त्यांत नौकरी किती जणांस मिळणार आणि काम किती जणांस. भिलाईस हा प्रश्न पुरता कळूं लागेपर्यंत एक पिढी उलटून गेली होती.