घड्याळाशी शर्यत : टाइम ट्रायलची एक उलटतपासणी

सोलापुरात व्हिडिओ गेमवर व्याख्यान म्हटल्यावर काही कपाळांवर आठ्या पडणार, हे आपण धरूनच चालू. पण नाटकाची समीक्षा होते, सिनेमाची होते, मग आपली पोरं तासन्‌तास ज्याच्यासमोर बसतात त्या खेळाच्या रचनेची का होऊ नये? आजचा विषय छोटा आहे. रेसिंग गेममधली टाइम ट्रायल, म्हणजे एकट्यानं गाडी पळवून लॅपची वेळ कमी करत नेणं. ही वेळ कशानं कमी होते? आणि हा खेळ आपल्याला ते नीट शिकवतो का?

प्रकार परका नाही. आपल्याकडे, सांगली-साताऱ्याकडे बैलगाड्यांच्या मैदानात अनेक गाड्या एकदम सुटतात. पुढे कोण, ते डोळ्यांना दिसतं. पुणे जिल्ह्यात खेड, जुन्नर, आंबेगावच्या घाटांत मात्र एका वेळी एकच बारी पळते आणि निकाल सेकंदांवर लागतो. पहिली झाली रेस, दुसरी टाइम ट्रायल. गंमत म्हणजे तिथे बारीपुढे घोडी असते. गेममध्ये तिच्या जागी 'घोस्ट' असतो : आपल्याच किंवा दुसऱ्याच्या चांगल्या लॅपची अर्धपारदर्शक गाडी. तिला धडकता येत नाही, फक्त तिच्यामागे लागता येतं.

आता हे महत्त्वाचं का? ऑनलाइन रेसमध्ये नेट अडखळलं की समोरची गाडी दिसते एकीकडे आणि असते भलतीकडेच. मोठ्या शहरातला खेळाडू आणि आपल्या गल्लीतला खेळाडू तिथे सारखे नसतात. टाइम ट्रायलमध्ये गाडीचं सगळं गणित आपल्याच यंत्रावर होतं, वर जाते ती फक्त नोंद. म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणच्या पोराला बरोबरीनं उभं करणारी ही एक जागा आहे. तिला किंमतही मिळालेली आहे. निस्सान आणि प्लेस्टेशननं २००८ साली 'जीटी अकॅडमी' सुरू केली, तिची पहिली चाळणी गेममधल्या वेळांवरच होती. २०११ चा विजेता यान मार्डनबरो २०१३ मध्ये ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत खरी गाडी चालवत होता. अकॅडमी २०१४ मध्ये भारतातही आली होती. दार असं उघडत असेल, तर आत जायचा रस्ता नीट दाखवला जातो का, हे विचारायलाच हवं.

आमचं म्हणणं असं, की नीट दाखवला जात नाही. तीन गोष्टी बघू.

पहिली, रस्त्यावरची रंगीत रेषा. हिरवी दिसली की दाबा, लाल दिसली की ब्रेक. नवख्याला दोन दिवस तिचा आधार होतो. पुढे सवय अशी लागते, की नजर गाडीपुढच्या वीस-तीस मीटरांतच अडकते. वळण कुठे संपतंय, तिकडे बघायचं राहूनच जातं. उत्तरं समोर ठेवून गणित सोडवल्यासारखं होतं ते.

दुसरी, घोस्ट. पोरगं थेट जगात पहिल्या आलेल्याचा घोस्ट लावतं. तो जिथे ब्रेक मारतो तिथेच मारायला जातं आणि मातीत जातं. कारण घोस्ट 'कुठे' ते दाखवतो, 'कसं' ते दाखवत नाही. ब्रेक किती दाबला, वळता वळता किती हळू सोडला, ॲक्सिलरेटर कधी उघडला, हे त्या गाडीकडे बघून कळत नाही. म्हणून घोस्ट आपल्यापेक्षा अर्ध्या सेकंदानं पुढचा घ्यावा. त्याचं चुकलेलंही आपल्या डोळ्यांना कळतं.

तिसरी, यादीतला एकच आकडा. 'ग्रॅन टुरिस्मो ७' मध्ये पहिल्याच्या वेळेच्या ३ टक्क्यांत आलात तर सुवर्ण. म्हणजे पहिल्याची लॅप ९० सेकंदांची असेल, तर तुम्हाला २.७ सेकंदांची सूट. लक्ष्य वाजवी आहे, पण ते २.७ सेकंद गेले कुठे, हे आकडा सांगत नाही.

ते शोधण्यासाठी ओळखीचा ट्रॅक घेऊ. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, ५.१२५ किलोमीटर, १६ वळणं. 'एफ वन २०११' या गेममध्ये तो ऑक्टोबर २०११ च्या पहिल्या भारतीय ग्रां प्रीच्या आधीच आला होता. त्याचं तिसरं वळण चढावरचं, हळू आणि उजवं, आणि त्याच्यापुढे किलोमीटरभराहून थोडा लांब सरळ पट्टा. सगळे काय करतात? ब्रेक उशिरा मारतात. हिशेब करू. गाडी ताशी ३०० वरून १२० वर आणायची आहे आणि ब्रेक ५ मीटर उशिरा लावला, तर मिळतात ढोबळमानानं ०.०९ सेकंद. पण त्या हव्यासात गाडी बाहेर फेकली गेली, ॲक्सिलरेटर उशिरा उघडला आणि पुढच्या किलोमीटरचा सरासरी वेग २०३ ऐवजी २०० झाला, तर जातात ०.२७ सेकंद. कमाईच्या तिप्पट तोटा! आणि मनाला वाटत राहतं, की आपण वळणात जोरात गेलो.

म्हणून ज्याच्यापुढे सर्वांत लांब पट्टा आहे, ते वळण आधी सुधारायचं, आणि तेही बाहेर पडण्याकडून मागे येत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ब्रेकची जागा बदलली, तर त्या दिवशी गाडीचं सेटिंग बदलायचं नाही, नाहीतर फरक कशानं पडला ते कळणारच नाही. १९९७ च्या पहिल्या 'ग्रॅन टुरिस्मो'तल्या लायसन्सच्या परीक्षा आम्हाला म्हणूनच मोलाच्या वाटतात. त्या ट्रॅकचा तुकडा कापून देत आणि तेवढाच घोटून घेत. टाइम ट्रायल हे विसरली.

दुसरी बाब सातत्याची. यंत्रमागाच्या गावाला हे सांगायला नको. माग फार पळवला, की तार तुटते, गाठ मारेपर्यंत तो उभा, आणि संध्याकाळी माल कमीच भरतो. दहापैकी आठ लॅप जवळपास सारख्या वेळेत येत नसतील, तर एखादी विक्रमी लॅप नशिबाची समजावी. सारख्या येऊ लागल्या, की मगच जोर वाढवावा.

शेवटचं, विश्वासाचं. २०२१ मध्ये ट्रॅकमेनियाच्या जुन्या गेममधले कित्येक विक्रम खेळाचा वेग मंदावून केलेले निघाले. ते उघडकीला आणलं खेळाडूंनीच, साठवलेल्या नोंदींतले बोटांचे दाब तपासून. म्हणजे पकडण्यासाठी जी माहिती वापरता आली, ती तिथे आधीपासूनच होती. मग आमचा सवाल असा : ज्या नोंदीतून चोर सापडतो, ती शिकणाऱ्याच्या पडद्यावर का नसावी? विजेत्याच्या पायांची आणि बोटांची नोंद घोस्टच्या शेजारी उलगडून दाखवा. मग समान संधी म्हणायला अर्थ आहे.

तोवर पालकांना एकच विनंती. पोरगं खेळताना दिसलं, तर 'कितवा आलास?' विचारू नका. 'कुठल्या वळणात वेळ गेला?' विचारा. त्याला उत्तर देता आलं, तर ते शिकतंय. नाही देता आलं, तर ते नुसतं फिरतंय.