टोपली उचलण्याची वेळ

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासव महोत्सवाची पहाट आता ठरून गेलीय. गावातल्या घरी मुक्काम, उजाडायच्या सुमारास किनारा गाठायचा, दोरीमागे उभं राहायचं. हॅचरीतली टोपली उचलतात आणि ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्राकडे निघतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ मध्ये इथं काम सुरू केलं, त्याआधी अंडी सर्रास चोरीला जायची. आता पाहुण्यांमुळे गावाला चार पैसे मिळतात आणि अंडीही वाचतात. यात खोट काढण्यासारखं काही नाही.

माझा आक्षेप घड्याळाबद्दल आहे. वाळू थंड झाली की पिल्लं वर येतात, म्हणजे बहुतेक वेळा रात्री. पोटात उरलेल्या बलकाच्या जोरावर पहिले काही तास ती झपाट्यानं पोहतात आणि किनाऱ्याजवळच्या शिकारी माशांपासून लांब जातात. टोपली मात्र सकाळ-संध्याकाळ, ठरल्या वेळी उचलायची. मग रात्री दोनला वर आलेलं पिल्लू तोवर आतच धडपडणार. हिरव्या समुद्री कासवांच्या पिल्लांवर प्रयोग झालेत. हॅचरीत जितकं जास्त थांबवलं, तितका त्यांचा पोहण्याचा वेग कमी झाला. पाहुण्यांना 'आज इतकी पिल्लं सोडली' असं सांगतात, पण त्या आकड्यात हे तास कुठेच नसतात.

दुसरा आकडा 'हजारात एक जगतं' हा. फोटो काढता काढता सगळे माना डोलावतात. अहो, हजार काय? अंडी की पिल्लं? आणि जगतं म्हणजे कुठवर, पहिल्या आठवड्यापर्यंत की अंडी घालायच्या वयापर्यंत? हा ढोबळ अंदाज आहे, मोजमाप नाही. प्रपोजलमध्ये हे वाक्य टाकलंत तर गाइड पहिला प्रश्न हाच विचारतील, आणि विचारायलाच हवा.

'मग रात्रीच सोडा की' हे म्हणणं सोपं. रात्री सोडली तर पहाटे पाहुणे काय बघणार? पाहुणे आटले तर राखण कोणाच्या जिवावर? हाच खरा पेच, आणि संशोधनाला जागाही इथंच आहे. फुटायला आलेली घरटी रात्री दर दोन तासांनी बघायची, वर आलेली पिल्लं लगेच सोडायची, पहाटेच्या आसपास येणारीच पाहुण्यांसाठी ठेवायची. वहीत दोन रकाने: वर आल्याची वेळ, सोडल्याची वेळ. पिल्लं न दिसता परतलेल्यांना पुन्हा येणार का, हेही विचारायचं. एका हंगामात होण्यासारखं काम आहे. फक्त जागरणाची तयारी हवी, आणि वनखात्याच्या परवानगीचा अर्ज दिवाळीआधीच टाकलेला बरा.