बालपोषणाची राष्ट्रीय नोंदव्यवस्था : एक चिकित्सा

बालकांच्या कुपोषणाची देशव्यापी नोंद ठेवण्याचे कार्य मार्च २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ या व्यवस्थेकडे आहे. अंगणवाडीसेविकेने दर महिन्यास बालकाचे वजन व उंची मोजावी, ती भ्रमणध्वनीत नोंदवावी आणि ती नोंद तालुका, जिल्हा, राज्य व केंद्र या सर्व पातळ्यांवर उपलब्ध व्हावी, अशी तिची रचना आहे. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील हसनाबादसारख्या गावी तोललेल्या मुलाचे वजन दिल्लीतील मंत्रालयास पाहता यावे, हा तिचा उद्देश होय. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तेव्हापासून कित्येक वर्षे मासिक अहवाल कागदावर तयार होत व पायरीपायरीने बेरीज होऊन वर जात. त्या बेरजेत बालक नाहीसे होई आणि केवळ संख्या उरे. नव्या व्यवस्थेत प्रत्येक बालकाची स्वतंत्र नोंद राहते. हा तिचा खरा गुण असून तो मान्य करूनच तिची चिकित्सा केली पाहिजे. प्रश्न एवढाच की, या नोंदींवरून देशातील बालकांच्या स्थितीविषयी जे अनुमान काढले जाते ते ग्राह्य मानता येईल काय?

केंद्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार जून २०२४ मध्ये पोषण ट्रॅकरवर सहा वर्षांखालील ८.९१ कोटी बालके नोंदलेली होती व त्यांपैकी ८.५७ कोटींचे मापन झाले होते. त्यांत ३५ टक्के बालके खुजी, १७ टक्के कमी वजनाची, आणि पाच वर्षांखालील बालकांपैकी ५ टक्के कृश आढळली. वयाच्या मानाने उंची कमी असणे म्हणजे खुजेपणा, वयाच्या मानाने वजन कमी असणे म्हणजे वजनन्यूनता आणि उंचीच्या मानाने वजन कमी असणे म्हणजे कृशता होय. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) पाच वर्षांखालील बालकांबाबत हीच प्रमाणे अनुक्रमे ३५.५, ३२.१ आणि १९.३ टक्के होती. म्हणजे खुजेपणाचे आकडे जवळजवळ तंतोतंत जुळतात, वजनन्यूनता मात्र निम्म्यावर येते आणि कृशता तर एकचतुर्थांशाच्या आसपास उतरते.

या तफावतीची संभाव्य कारणे एकेक करून तपासणे आवश्यक आहे. पहिले कारण असे सुचविता येईल की, मधल्या काळात बालकांची स्थिती खरोखरच सुधारली. परंतु देशातील कृशतेचे प्रमाण २००५-०६ मध्ये १९.८, २०१५-१६ मध्ये २१ व २०१९-२१ मध्ये १९.३ टक्के होते. पंधरा वर्षे जागचे न हललेले प्रमाण पुढील तीन-चार वर्षांत इतके खाली यावे आणि खुजेपणा मात्र तसाच राहावा, हे मानणे कठीण आहे. दुसरे कारण निवडीचे. पाहणीत सर्व थरांतील कुटुंबे येतात, अंगणवाडीच्या पटावर मुख्यतः तिचा लाभ घेणारी येतात. तथापि अंगणवाडीकडे वळणारी कुटुंबे तुलनेने गरीब असल्याने या कारणाने पटावरील कुपोषण अधिक दिसावयास हवे, कमी नव्हे.

तिसरे कारण उंचीच्या मापनाचे. लहान मुलास आडवे निजवून लांबी मोजताना पाय पूर्ण सरळ झाले नाहीत तर लांबी आखूड भरते. तसे झाल्यास मूल अधिक खुजे आणि कमी कृश दिसते. कृशतेतील काही तफावत यामुळे उद्भवू शकेल. परंतु वजनन्यूनता केवळ वय व वजन यांवर ठरते, उंचीचा तिच्याशी संबंध नाही, आणि तीही निम्म्याने घटलेली आहे. वय कमी नोंदले गेले असे म्हणावे, तर खुजेपणाही त्याबरोबर घटला असता. दोन विरुद्ध चुका नेमक्या प्रमाणात एकमेकींस झाकतात असे गृहीत धरल्याखेरीज येथे एकच घटक संशयास्पद राहतो, तो म्हणजे वजन.

पाहण्याही निर्दोष नाहीत, हे येथे सांगणे न्याय्य ठरेल. महाराष्ट्रातील कृशता २०१५-१६ च्या पाहणीत २५.६ टक्के, तर २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण पाहणीत सुमारे १७ टक्के आढळली. मापनाचा ऋतू व पद्धती यांचा परिणाम किती मोठा असू शकतो, हे त्यावरून दिसते. परंतु या पाहण्या एकमेकींशी कितीही विसंगत असल्या, तरी त्यांतील कोणतीही देशातील कृशता ५ टक्क्यांवर आणून ठेवीत नाही.

वजनच का ढळावे, याचे उत्तर नोंदीच्या उपयोगात शोधावे लागते. दोन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मध्यम व तीव्र कृशतेच्या मर्यादांत एक किलोहूनही कमी अंतर असते. अंगावरचे कपडे, काट्याची चूक किंवा मागील महिन्याच्या वजनात दोनशे ग्रॅम मिळवून केलेली नोंद एवढ्यानेही श्रेणी बदलू शकते. तीव्र कुपोषित अशी नोंद होताच त्या मुलास ग्राम बालविकास केंद्रात घेणे, वारंवार आहार देणे, गृहभेटी व वरिष्ठांस खुलासा हे सर्व ओघाने येते. ही जबाबदारी ज्या सेविकेवर पडते ती शासनाची कर्मचारी नसून मानधनावर काम करणारी स्त्री आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील सेविकांनी शासनाने दिलेले भ्रमणध्वनी परत करण्याचे आंदोलन केले. उपकरणे निकृष्ट आहेत आणि नोंद इंग्रजीत करावी लागते, या त्यांच्या प्रमुख तक्रारी होत्या. पुढे ही व्यवस्था मराठीसह अनेक भाषांत उपलब्ध झाली, हे खरे. परंतु जिच्या मोजमापावर सारा डोलारा उभा आहे तिला वाचता येईल अशी भाषा प्रारंभीच असावी, हे रचनाकारांस सुचले नाही, यातून त्यांची दृष्टी व्यक्त होते. म्हणून आकड्यांतील दोष सेविकेच्या प्रामाणिकपणावर ढकलणे अन्यायाचे होईल. दोष आहे तो एकाच नोंदीवर तीन कामे सोपविण्यात : बालकावर उपचार करणे, सेविकेचे काम जोखणे आणि शासनाचे यश सिद्ध करणे. पहिल्या कामास खरे वजन लागते, उरलेल्या दोहोंस वाढलेले वजन सोयीचे असते.

महाराष्ट्रास हा प्रश्न नवा नाही. ‘सर्च’ व अन्य स्वयंसेवी संस्थांच्या ‘कोवळी पानगळ’ या २००१ च्या अहवालाने शासकीय नोंदींपेक्षा प्रत्यक्ष बालमृत्यू कितीतरी अधिक आहेत हे दाखवून दिले. त्यानंतर राज्य शासनाने डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली मूल्यमापन समिती नेमली. याच सुमारास, जालना जिल्हा ज्यात मोडतो त्या तत्कालीन औरंगाबाद विभागात, विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांच्या पुढाकाराने तीव्र कुपोषित बालके शोधून काढण्याची मोहीम झाली. कुपोषित बालके अधिक आढळली म्हणून सेविकेस दोष देऊ नये, हा तिचा एक महत्त्वाचा विशेष होता. तिच्यातूनच २००५ मध्ये राजमाता जिजाऊ अभियान उभे राहिले. दोन वर्षांखालील बालकांतील खुजेपणा २००५-०६ मधील ३९ टक्क्यांवरून २०१२ पर्यंत सुमारे २३ टक्क्यांवर आल्याचा निष्कर्ष पुढे निघाला, तो अंगणवाडीच्या पटावरून नव्हे, तर स्वतंत्र पाहणीवरून. काम करणारा एक आणि कामाचे फळ मोजणारा दुसरा, हा विवेक त्या वेळी पाळला गेला होता.

या विवेकास सांख्यिकीतही आधार आहे. गावच्या पिकाची आणेवारी नजरेने ठरविण्याची जुनी रीत होती. तीवर सारासूट व दुष्काळी मदत अवलंबून असल्याने ती नेहमीच वादग्रस्त राहिली. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले पां. वा. सुखात्मे यांनी भारतीय कृषी संशोधन परिषदेत असताना, १९४० नंतरच्या दशकात, यदृच्छेने निवडलेल्या शेतांतील प्रत्यक्ष पीककापणीवर उत्पादनाचे अनुमान बसविण्याची पद्धत देशभर रुजविली. सर्व शेते नजरेने पाहण्यापेक्षा थोडी शेते काटेकोरपणे मोजणे अधिक विश्वसनीय ठरते, हे त्या कार्याचे सार. पुढे हेच सुखात्मे पोषणाच्या प्रश्नाकडे वळले. साडेआठ कोटी मापांचा अभिमान बाळगणाऱ्या व्यवस्थेस हा धडा आजही लागू आहे. संख्येच्या विपुलतेने यादृच्छिक चूक कमी होते, एकाच दिशेने झुकलेली चूक कमी होत नाही.

स्थलांतराचा प्रश्न याहून बिकट आहे. मराठवाड्यातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडणीस वा वीटभट्ट्यांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. महाराष्ट्र शासनाने २०२१-२२ मध्ये स्थलांतरितांच्या नोंदीची निराळी व्यवस्था मोजक्या जिल्ह्यांत प्रयोगादाखल चालविली, त्यांत जालना जिल्हा होता. गाव सोडलेल्या बालकाचा आहार त्याच्यामागोमाग दुसऱ्या अंगणवाडीत पोहोचावा, हा तिचा हेतू. माहितीव्यवस्थेचा उचित उपयोग कोणता, याचे हे उत्तम उदाहरण होय. याउलट जुलै २०२५ पासून घरी न्यावयाच्या शिध्यासाठी लाभार्थीची चेहरापडताळणी सक्तीची करण्यात आली. शिधा कोणाच्या हाती पडला हे तिने कळेल, परंतु मुलाचे वजन वाढले की नाही हे कळणार नाही. शिवाय जाळे मिळत नाही वा चेहरा जुळत नाही म्हणून शिधा अडला, तर नोंदीची शुद्धता भुकेल्याच्या वाट्याच्या खर्चाने साधली जाईल.

यावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. मासिक नोंद प्रथम त्या बालकाच्या उपचारासाठी, त्याच गावी वापरली जावी. तिच्या बेरजेवरून राज्याचे वा सेविकेचे यशापयश ठरविले जाऊ नये. आणि यदृच्छेने निवडलेल्या अंगणवाड्यांत, सेविका व पर्यवेक्षिका यांहून वेगळ्या प्रशिक्षित व्यक्तींनी त्याच आठवड्यात त्याच मुलांचे फेरमापन करून दोन्ही मापांतील अंतर दरवर्षी प्रसिद्ध करावे. ते अंतर अल्प निघाले तर प्रस्तुत आक्षेप आपोआप गळून पडतील. ते मोठे निघाले, तर आजच्या आकड्यांनी निरोगी ठरविलेली कित्येक मुले उपचाराविना राहत आहेत असा त्याचा अर्थ होईल. पहिली शक्यता सिद्ध होईपर्यंत दुसरी गृहीत धरून चालणे, हेच बालकांच्या हिताचे आहे.