बार्तोकचा पियानो आणि कुणब्याचें गाणें

लोकगीत हा केवळ कच्चा माल असून त्याला प्रतिष्ठा देतो तो अभिजात संगीतकार, असा एक समज आपल्या सुशिक्षित वर्गांत रूढ आहे. हंगेरीचा संगीतकार बेला बार्तोक (१८८१–१९४५) याच्या पियानोच्या रचना लक्षपूर्वक ऐकणाऱ्यास हा समज टाकून द्यावा लागेल, असें आम्हांस वाटतें.

बार्तोकच्या पूर्वीं लिस्टनें आपल्या ‘हंगेरियन ऱ्हॅप्सडी’ लिहिल्या होत्या. त्यांचें तेज कोण नाकारील? परंतु हंगेरीचें म्हणून त्यानें जें संगीत घेतलें, तें मुख्यतः शहरांतील रोमा वादकांच्या ताफ्यांचें होतें. खेड्यांतील कुणब्याचा कंठ त्यांत क्वचितच ऐकूं येतो. १९०४ सालीं ट्रान्सिल्व्हेनियांतून आलेल्या एका तरुण दाईचें गाणें बार्तोकच्या कानीं पडलें, आणि हें दुसरें जग त्याच्यापुढें उघडलें. पुढें त्याचा मित्र झोल्तान कोदाय याच्याप्रमाणें तोही फोनोग्राफ घेऊन गांवोगांव हिंडला. १९०७ सालीं सेकेय लोकांच्या जुन्या गाण्यांत त्याला पांच स्वरांची चौकट आढळली. ही चौकट औडव असून तिचे स्वर आपल्या धानी रागाच्या स्वरांशीं जुळतात.

आतां या चौकटींत शुद्ध निषाद नाहीं. युरोपांतील रूढ स्वरसंवादाचा तर सारा भर षड्जाकडे ओढणाऱ्या त्या निषादावर! अर्थात् जुनी साथ या गाण्यांस शोभेना. तेव्हां बार्तोकनें साथीचे स्वर चालींतूनच काढले. गीतांत कोमल निषाद निःशंकपणें उभा राहतो, म्हणून साथींतही त्याला तसेंच उभें केलें. म्हणजे संगीतकारानें गीताला नियम घालून दिला नाहीं. गीतानेंच तो त्याला दिला.

१९०८–०९ मधील ‘मुलांसाठीं’ या संग्रहांत चाल बहुतेक जशीच्या तशी असून साथ मोजकी आहे. १९२० च्या आठ ‘इम्प्रोव्हिझेशन्स’मध्यें चाल हें निमित्त होतें आणि भोंवतालची रचनाच प्रधान ठरते. १९२६ ते १९३९ या काळांतील ‘मायक्रोकॉस्मॉस’च्या १५३ तुकड्यांत उसनी चाल क्वचितच सांपडते; तरीही खेड्याची लय त्यांत भिनलेली आहे. आमच्या मतें ही तिसरी पायरी सर्वांत कठीण. चाल घेणें सोपें. वृत्ति आत्मसात् करण्यास आयुष्य वेंचावें लागतें.

तथापि एक आक्षेप राहतोच. पियानोचा स्वर आघातानें उमटतो आणि विरतो. गळ्याची मींड त्याला साधत नाहीं. शिवाय शब्द गळून पडतात. ज्या गाण्यांची लय शब्दांच्या उच्चारावरच उभी आहे, त्यांचें दुःख दिवाणखान्यांत नुसतें सुस्वर होऊन बसतें. ही हानि बार्तोकही टाळूं शकला नाहीं. परंतु मूळ गाणीं स्वरलिपींत बारकाईनें उतरवून त्यानें तीं जपलीं. आपली रचना हीच मूळ वस्तु, असा आव त्यानें कधीं आणला नाहीं. हा प्रामाणिकपणा आम्हांस त्याच्या कलेइतकाच मोलाचा वाटतो.

त्या काळचीं ध्वनिमुद्रणें आज ऐकावयास मिळतात. ज्या घरीं मुलें ‘मुलांसाठीं’मधील तुकडे वाजवितात, त्या घरीं तीं आधीं ऐकवावींत. बोटांना मग काय करावयाचें तें कानच सांगतील.