तार, कागद आणि बुद्ध्यंक

बुद्धिमापन चाचणीचे भारतीयीकरण झाले असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा फक्त भाषांतर झालेले असते. नाणी बदलतात, चित्रातले सफरचंद जाऊन आंबा येतो. मूल मात्र पूर्वीसारखेच अनोळखी माणसासमोर, हाती पेन्सिल घेऊन बसते.

रॉबर्ट सर्पेल यांचा १९७९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग इथे आठवावा. झांबियातील लुसाका आणि इंग्लंडमधील मँचेस्टर येथल्या मुलांना त्यांनी नमुना पाहून तसाच करायला सांगितला. काम एकच, माध्यमे निराळी. कागद-पेन्सिलीत इंग्रज मुले सरस ठरली, तारेच्या कामात झांबियाची. झांबियातली मुले तारा वाकवून खेळण्यातल्या मोटारी करतात. त्यांचा हात त्यावर बसलेला असतो. नुसती पेन्सिलीची चाचणी घेतली असती, तर लुसाकाच्या मुलांवर ‘आकृतीचे आकलन कमी’ असा शेरा बसला असता. नुसती तारेची घेतली असती, तर तोच शेरा मँचेस्टरवर. (तिथे तो मारायला कोणी धजले असते का, हा प्रश्न वेगळा.)

या प्रयोगाचा उल्लेख करणारे तारेपाशीच रेंगाळतात. मला मातीचा निकाल अधिक बोलका वाटतो. चिकणमातीत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. म्हणजे नमुना नीट पाहण्याची शक्ती दोघांकडे होती. ती कोणत्या वाटेने बाहेर येते, एवढाच भेद.

आपल्याकडे वि. वि. कामत यांनी धारवाडला बिने-टर्मन परंपरेची चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी सिद्ध केली; त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० मध्ये आला. परक्या मुलांची मानके इथे चालणार नाहीत हे ओळखून त्यांनी इथल्या मुलांवरून ती ठरवली, हे श्रेय मोठेच. पण मानक बदलले म्हणून विचारण्याची रीत बदलत नाही. पुस्तक-पाटी घरात असलेल्या मुलाला आणि गुरांमागे वाढलेल्या मुलाला ती सारखी परिचित नसते, दोघांची भाषा मराठीच असली तरी.

यावर एक आक्षेप रास्त आहे: शाळेत पेन्सिलच चालते, मग चाचणीत का नको? खरेच. बिने यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये आपली मापनश्रेणी तयार केली, ती शाळेत वेगळ्या मदतीची गरज असलेली मुले ओळखण्यासाठी. तेवढ्यापुरती ती कामाची होती. पण आज ७० च्या खालचा आकडा आला की मुलाच्या कागदावर अपंगत्वाची नोंद होऊ शकते, आणि त्या कागदावर चाचणी कोणत्या माध्यमातून घेतली हे पाहायला कोणी थांबत नाही.