स्लाइड-सादरीकरणातील स्वरचित आकृती आणि अ‍ॅनिमेशन : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना

महाविद्यालयीन वर्गात फळ्याशेजारी पडदा आला, त्याला आता दोन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. उजळणी वर्गातील व्याख्यान असो, चर्चासत्रातील शोधनिबंध असो की पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा रोजचा तास असो, स्लाइड ही अध्यापनातील गृहीत धरलेली सोय झाली आहे. या सोयीविषयीची चर्चा मात्र बहुधा दोन टोकांनाच होते. एका टोकाला नव्या साधनांविषयीचा सरसकट उत्साह आढळतो, तर दुसऱ्या टोकाला 'खडू-फळाच बरा होता' हा उसासा. पडद्यावरची आकृती कोणी काढली, कशासाठी काढली आणि ती कोणत्या क्रमाने विद्यार्थ्यांसमोर आली, हा प्रश्न दोन्हीकडे निसटतो. प्रस्तुत लेखात दोन बहुचर्चित सादरीकरणे आणि भूगोलाच्या तासातील एक आकृती यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

फळ्यावरील आकृतीचा क्रम

प्राणिशास्त्राचे प्राध्यापक फळ्यावर हृदयाची आकृती काढीत, तेव्हा प्रथम बाह्यरेषा उमटे, मग मधला पडदा, मग चार कप्पे आणि शेवटी रक्तवाहिन्या. खडूचा वेग हाच विद्यार्थ्याच्या पेन्सिलीचा वेग असे. रेघ कोठून सुरू झाली आणि कोठे वळली हे पाहता पाहता रक्ताचा मार्ग समजत जाई. त्या काळी कोणी त्याला अ‍ॅनिमेशन म्हटले नाही; पण कालक्रमाने घडत जाणारी आकृती या अर्थाने ते अ‍ॅनिमेशनच होते. ओएचपीच्या पारदर्शिकेवर कागद ठेवून तो ओळीओळीने खाली सरकवणारे प्राध्यापकही त्याच जातकुळीतले.

स्लाइडवरील आकृती याच्या नेमकी उलट वागते. ती पूर्ण, रंगीत आणि नामनिर्देशांसह एका क्षणात अवतरते. प्राध्यापक उजव्या कर्णिकेविषयी बोलत असतात आणि विद्यार्थ्यांची नजर महारोहिणीवर फिरत असते. यात यंत्राचा दोष थोडा आणि वारशाचा अधिक आहे. रॉबर्ट गॅस्किन्स व डेनिस ऑस्टिन यांनी फोरथॉट या कंपनीसाठी घडवलेले पॉवरपॉइंट १९८७ मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी बाजारात आले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. त्याची पहिली आवृत्ती पारदर्शिकांसाठी कृष्णधवल पाने छापून देण्यापुरती होती, आणि तिचा अपेक्षित ग्राहक व्यावसायिक बैठकीतला वक्ता होता. वर्गातील फळा तिच्या कर्त्यांसमोर नव्हता. शीर्षक आणि त्याखाली ठिपक्यांनी सुरू होणाऱ्या ओळी हा साचा तेथूनच पुढे वर्गात आला.

६४० पटींची अनुपस्थित आकृती

या साच्याची सर्वांत कठोर चिकित्सा एडवर्ड टफ्टी यांनी २००३ मध्ये 'द कॉग्निटिव्ह स्टाइल ऑफ पॉवरपॉइंट' या पुस्तिकेत केली. त्यांच्या विवेचनाशी कायमचे जोडले गेलेले उदाहरण कोलंबिया अवकाशयानाचे आहे. १६ जानेवारी २००३ रोजी झालेल्या उड्डाणाच्या वेळी बाह्य इंधनटाकीवरील फेसाचा एक तुकडा निखळून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असतानाच बोइंगच्या अभियंत्यांनी या आघाताचे विश्लेषण नासापुढे स्लाइडांच्या रूपाने मांडले. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान नष्ट झाले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीरांचा अंत झाला. त्या स्लाइडांपैकी एकीचे टफ्टी यांनी केलेले विश्लेषण चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ च्या अहवालात समाविष्ट केले, आणि तांत्रिक टिपणांऐवजी स्लाइडांवर विसंबण्याच्या प्रथेविषयी स्पष्ट नापसंती नोंदवली.

त्या स्लाइडचे शीर्षक दिलासा देणारे आहे. उपलब्ध चाचण्यांचे निष्कर्ष सावधगिरीच्या बाजूला झुकणारे आहेत, असे ते सुचवते. खाली ओळींची उतरंड आहे, अक्षर पायरीपायरीने लहान होत जाते आणि अगदी तळाशी एक तुलना येते : आदळलेल्या तुकड्याचे अंदाजित घनफळ १९२० घन इंच, तर चाचणीत वापरलेल्या तुकड्याचे ३ घन इंच. म्हणजे ज्या चाचण्यांवर शीर्षकातील दिलासा उभा होता, त्या प्रत्यक्ष घटनेच्या ६४० व्या हिश्श्याएवढ्या तुकड्यावर झालेल्या होत्या.

टफ्टी यांचा रोख उतरंडीच्या साच्यावर आहे, आणि त्यांचा उपाय म्हणजे सलग वाक्यांत लिहिलेला छापील कागद. हा उपाय अभियंत्यांच्या बैठकीसाठी योग्यच आहे. तथापि त्यात एक उणीव राहते. ६४० पटींची ही गोष्ट परिच्छेदात लिहिली असती तरी ती परिच्छेदातही दडू शकली असती. तेथे गरज होती ती एका साध्या आकृतीची, आणि ती कोणत्याही चित्रसंग्रहात तयार मिळणारी नव्हती.

ही आकृती काढू गेल्यास स्वरचित आकृतीत किती विचार करावा लागतो तेही कळते. पहिली कल्पना सुचते ती दोन ठोकळे शेजारी काढण्याची. १९२० घन इंचांच्या घनाची बाजू सुमारे १२.४ इंच येते, तर ३ घन इंचांच्या घनाची सुमारे १.४ इंच. बाजूंचे प्रमाण नऊपटीपेक्षाही कमी! पाहणाऱ्याला फरक 'बराच' वाटेल, पण ६४० पट वाटणार नाही. सपाट चौरस काढले तर क्षेत्रफळ सुमारे ७४ पट दिसेल. आकडे खरे असूनही चित्र कमी सांगेल. त्याऐवजी एक लहान चौकट एकटी काढावी आणि तिच्या शेजारी तशाच ६४० चौकटींची, ३२ स्तंभ व २० ओळींची जाळी मांडावी. एक चौकट काढून तिच्या प्रती करण्यास पाच मिनिटे पुरतात. येथे अ‍ॅनिमेशन हवेच असेल तर एवढेच, की प्रथम एकटी चौकट दिसावी, तिच्यावर बोलणे व्हावे आणि नंतर जाळी यावी. ती गरगरत येण्याचे कारण नाही.

सरकते बुडबुडे

याच्या विरुद्ध टोकाचे उदाहरण हान्स रोझलिंग यांचे. फेब्रुवारी २००६ मध्ये कॅलिफोर्नियातील टेड परिषदेत या स्वीडिश वैद्यक-प्राध्यापकांनी एक आलेख दाखवला. आडव्या अक्षावर दर स्त्रीमागे मुलांची संख्या, उभ्या अक्षावर आयुर्मान, प्रत्येक देश म्हणजे एक बुडबुडा, लोकसंख्येनुसार त्याचा आकार आणि खंडानुसार रंग. १९६० च्या दशकापासून वर्षे पुढे सरकू लागली तसे बुडबुडेही सरकू लागले, आणि 'विकसित' व 'विकसनशील' ही जगाची ठोकळेबाज विभागणी प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत विरघळली.

येथे गती आलेखाचा अलंकार म्हणून आलेली नाही. पडद्यावरचा काळ म्हणजे प्रत्यक्ष काळ आणि पडद्यावरचे सरकणे म्हणजे प्रत्यक्ष बदल. बार्बरा ट्वर्स्की, ज्यूली मॉरिसन व मिरेय बेट्रांकूर यांनी २००२ च्या निबंधात अ‍ॅनिमेशनासाठी ज्या दोन अटी सांगितल्या, त्यांतील पहिली हीच आहे : चित्राची रचना विषयाच्या रचनेशी जुळावी. दुसरी अट आकलनाची, म्हणजे गती डोळ्यांना टिपता येईल एवढीच असावी. अ‍ॅनिमेशन स्थिर चित्राहून सरस ठरले असे सांगणाऱ्या अनेक प्रयोगांत मुळात दोन्ही चित्रांतील माहितीच समान नव्हती, हे त्यांचे निरीक्षण आजही बोचरे आहे.

रोझलिंग यांच्या अनुकरणात दुसरी अट हमखास मोडते. जॉर्ज रॉबर्टसन व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये याच पद्धतीच्या आलेखांची परीक्षा घेतली. सहभागींना हलते आलेख आवडले. पण विश्लेषणाच्या कामात तेच सर्वांत कमी उपयोगी पडले, आणि शेजारी शेजारी मांडलेले छोटे स्थिर आलेख अधिक अचूक ठरले. रोझलिंग हातात लांब काठी घेऊन एकेका देशाकडे बोट दाखवीत आणि घोड्यांच्या शर्यतीच्या समालोचकासारखे अखंड बोलत असत. ते बोलणे काढून घेतले तर बुडबुड्यांची नुसती पळापळ उरते. फाइल उसनी घेता येते, समालोचन नाही.

घाटाचा छेद

भूगोलाच्या तासाचे उदाहरण घेऊ. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथून वीस किलोमीटरांच्या आत असलेल्या पाचगणीला तो निम्म्याहूनही कमी होतो आणि पायथ्याच्या वाईला तर हजार मिलिमीटरही भरत नाही. 'पर्जन्यछाया' हा शब्द शिकवताना स्लाइडवर बहुधा परदेशी पाठ्यपुस्तकातील आकृती येते. तिच्यात बर्फाच्छादित शिखर असते, पाइनची झाडे असतात, आणि कधी पाऊस डावीकडून येतो तर कधी उजवीकडून. ज्या विद्यार्थ्याने पसरणीचा घाट एसटीतून उतरला आहे, त्याला या चित्रात आपला घाट ओळखू येत नाही.

हा छेद स्वतः काढायला बसले की पहिल्याच रेघेला निर्णय घ्यावा लागतो. किनाऱ्यापासून वाईपर्यंतचे अंतर सरळ रेषेत नव्वद किलोमीटरांच्या आसपास आहे. ते ३० सेंटिमीटर रुंदीत बसवले तर सुमारे १४०० मीटर उंचीचे महाबळेश्वर अर्धा सेंटिमीटरही भरणार नाही. म्हणून उभे प्रमाण पंधरापट वाढवावे लागते, आणि वाढवले हे आकृतीवर लिहावे लागते. उसन्या आकृतीत हा निर्णय दुसऱ्या कोणी घेतलेला असतो आणि अध्यापकाला त्याचा पत्ताही नसतो. पडद्यावर सह्याद्री भिंतीसारखा का दिसतो, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारल्यास उत्तर सापडत नाही.

पुढे क्रम ठरवायचा. कोकणची पट्टी, मग कडा, मग पठाराचा पूर्वेकडील उतार. नंतर समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याचा बाण, त्याचे वर चढणे, ढग, पाऊस. आणि शेवटी तीन गावांवर पर्जन्यमानाचे तीन स्तंभ. यांत खरी हालचाल एकाच गोष्टीला आहे, ती म्हणजे वारा. पॉवरपॉइंटमध्ये २००२ च्या आवृत्तीपासून वस्तूला ठरावीक मार्गावरून नेण्याची सोय आहे. ती येथे बाणासाठी वापरावी. बाकी सारे नुसते प्रकट व्हावे. ढग उसळ्या मारीत आला की वर्ग हसतो आणि बाष्पाचे सांद्रीभवन तेथेच राहून जाते.

काही व्यावहारिक अडचणी

अ‍ॅनिमेशनने भरलेली स्लाइड पीडीएफ करून विद्यार्थ्यांना पाठवली की एकावर एक ठेवलेल्या सर्व वस्तू एकदम छापल्या जातात. वर्गात सुबोध वाटलेली आकृती परीक्षेच्या आदल्या रात्री केवळ गुंता ठरते. यावर साधा उपाय असा, की एकाच स्लाइडवर दहा हालचाली बसवण्याऐवजी स्लाइडची प्रत करून प्रत्येक प्रतीत एक भर घालावी. पडद्यावर परिणाम तोच दिसतो, कागदावर प्रत्येक टप्पा स्वतंत्र राहतो आणि लिब्रेऑफिसमध्ये फाइल उघडली तरी बिघडत नाही.

मराठीतून शिकवणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. युनिकोडपूर्व फाँटमध्ये केलेल्या जुन्या फाइली दुसऱ्या संगणकावर उघडल्या की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात; अशा फाइली अद्याप अनेक विभागांत पडून आहेत. आकृतीतील नावे सुशोभित करण्यासाठी अक्षरांतील अंतर वाढवले तर शिरोरेषा तुटते. रोमन लिपीसाठी घडलेल्या सजावटी देवनागरीला मानवतीलच असे नाही.

तयार चित्रांचा जुना संग्रह मायक्रोसॉफ्टने २०१४ च्या अखेरीस बंद केला. हस्तांदोलन करणारे हात आणि डोक्यावरचा पेटता दिवा मात्र स्लाइडांवर टिकून राहिले. आता वाक्य टंकले की यंत्रच चित्र काढून देते. अशा चित्रात घाट हुबेहूब दिसतो. पण त्याचे प्रमाण किती, वारा कोणत्या दिशेचा आणि स्तंभांची उंची कोणत्या आकड्यांवरून आली, हे यंत्राला कोणी सांगितलेलेच नसते. महाविद्यालयांच्या मूल्यांकन अहवालांत तंत्रसाधनांच्या वापराची नोंद होते. वर्गात दाखवलेल्या आकृत्यांपैकी अध्यापकाने स्वतः काढलेल्या किती, हा रकाना त्यांत सहसा नसतो.