सुश्रुताचें स्त्रीशारीर आणि ‘बारा कीं सोळा’ हा पाठभेद

सुश्रुतसंहितेचें शारीरस्थान हें अवघ्या दहा अध्यायांचें प्रकरण आहे. परंतु मधुसूदन गुप्त यांनीं १८३५-३६ सालीं कलकत्त्यास ही संहिता प्रथम छापून प्रसिद्ध केली तेव्हांपासून या प्रकरणावर जितका भार घालण्यांत आला, तितका वैद्यकांतील दुसऱ्या कोणत्याहि प्रकरणावर क्वचितच घातला गेला असेल. एका पक्षास त्यांत आजचें सर्व शरीरशास्त्र दिसतें. दुसरा पक्ष हाडांची तीनशें ही संख्या पाहून हंसतो आणि पुस्तक मिटतो. मूळ वाचण्याचें काम दोघांच्याहि हातून राहून जातें. प्रस्तुत लेखांत आम्ही त्यांतील एकाच विषयापुरता विचार करणार आहों. तो विषय म्हणजे जननेंद्रियांचें, विशेषतः स्त्रीशरीराचें वर्णन, आणि वयांत येतांना मुलामुलींच्या देहांत होणारे फेरफार. पाठशाळेंत हे अध्याय आले कीं गुरुजींचा आवाज खालीं येई व पानें भराभर उलटत, हें आमच्या पिढीच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. त्या संकोचाचें फळ असें झालें कीं, ज्या स्थळांची चर्चा सर्वांत अधिक व्हावयाची तींच स्थळें सर्वांत कमी तपासलीं गेलीं.

पहिलें स्थळ ‘फल’ या शब्दाचें. पांचव्या अध्यायांत पेशी पांचशें सांगितल्या असून स्त्रीच्या ठिकाणीं वीस अधिक मानिल्या आहेत. त्यांचा हिशेब ग्रंथकारानेंच दिला आहे: दोन्ही स्तनांच्या मिळून दहा, अपत्यपथाच्या चार, गर्भच्छिद्राच्या तीन आणि शुक्र व आर्तव यांच्या प्रवेशमार्गाच्या तीन. स्तनांतील पेशी तारुण्यांत वाढतात हेंहि तेथेंच नमूद आहे. या हिशेबानंतर एक श्लोक येतो. पुरुषाच्या लिंग व मुष्क यांच्या ज्या पेशी पूर्वीं सांगितल्या, त्या स्त्रियांच्या ठिकाणीं आंतील ‘फला’स आवरून राहतात, असा त्याचा आशय. याच संहितेंत वृषणांच्या पिशवीस फलकोश म्हटलें आहे. तेव्हां स्त्रीचें आंतलें फल म्हणजे अंडाशय, असें अलीकडील कित्येक विवरणकार निःशंकपणें लिहितात, आणि ‘अंतःफल’ हा शब्द तर आधुनिक वैद्यकीय संस्कृतांत रूढहि झाला आहे.

नवीन शब्द घडविण्यास आमचा विरोध नाहीं. मात्र तो शब्द सुश्रुताच्या माथीं मारण्यास आहे. श्लोकांत फल एकवचनी आहे. अंडाशय दोन असतात. त्या फलाचा आकार, जागा किंवा कार्य यांविषयीं एक अक्षरहि पुढें नाहीं. नवव्या अध्यायांत आर्तव वाहणारीं दोन स्रोतसें सांगितलीं आहेत. त्यांचें मूळ गर्भाशय व आर्तववाहिनी धमन्या असें दिलें आहे, तेथें फलाचें नांवहि निघत नाहीं. गर्भ शुक्र व आर्तव यांच्या संयोगानें होतो, असा सर्व शारीरस्थानाचा सिद्धांत आहे, त्यांतहि या फलास कांहीं काम नाहीं. आमच्या मतें श्लोकाचें प्रयोजन निराळें आहे. पांचशें ही संख्या स्त्रीपुरुष दोघांस समान धरली, म्हणजे लिंग व वृषण यांच्या पेशींचा जमाखर्च स्त्रीच्या खात्यांत कोठें लावावयाचा, हा प्रश्न उभा राहतो. त्याचें उत्तर हा श्लोक देतो. हा हिशेब जुळविण्याचा श्लोक आहे. शवच्छेदांत कांहीं दिसलें म्हणून तो लिहिलेला नाहीं.

आणि दिसावें तरी कसें? याच अध्यायांत शवपरीक्षेची जी रीत दिली आहे ती पाहावी. प्रेत मुंज वगैरेंनीं गुंडाळून वाहत्या पाण्यांत सात रात्री ठेवावयाचें आणि चांगलें कुजल्यावर वाळा, केस, बांबू इत्यादींच्या कुंच्यांनीं हळूहळू घासून एकेक थर पाहावयाचा. हाडें, सांधे, स्नायु पाहण्यास ही रीत सोयीची आहे. बदामाएवढा मऊ अवयव सात दिवस उन्हाळ्याच्या पाण्यांत राहून ओळखूं येईल, ही अपेक्षाच चुकीची. ग्रीक वैद्य हेरोफिलस यानें इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रिया येथें हे अवयव पाहिले व त्यांस स्त्रीचे वृषण मानिलें. परंतु त्यांचें खरें कार्य त्यासहि कळलें नव्हतें. डच वैद्य द ग्राफ याचा त्या अवयवाविषयींचा ग्रंथ १६७२ चा, आणि सस्तन प्राण्यांचें स्त्रीबीज फॉन बेअर यास दिसलें तें १८२७ सालीं. एवढ्या उशिरा उघड झालेली गोष्ट सुश्रुतास माहीत नव्हती असें म्हटल्यानें त्याची काय मानहानि होते, हें आम्हांस समजत नाहीं.

दुसरें स्थळ गर्भाशयाच्या जागेचें. शारीरस्थान सांगतें कीं, योनि शंखाच्या नाभीसारखी तीन वेढ्यांची असून तिसऱ्या वेढ्यांत गर्भशय्या आहे. तिचा आकार रोहित माशाच्या मुखासारखा. रोहू मासा बाजारांत पाहिलेल्या माणसास ही उपमा टीकेवांचून कळते: तोंड आखूड, आंत पोकळी मोठी. येथवर ठीक आहे. परंतु ही गर्भशय्या पित्ताशय व पक्वाशय यांच्या मध्यें आहे, असेंहि तेथें म्हटलें आहे. वास्तविक गर्भाशय मूत्राशय व गुदनलिका यांच्या मध्यें असतो. तेव्हां कोणी पित्ताशयाचा अर्थच ओढून मूत्राशय करितात. याची कांहीं गरज नाहीं. खरें वर्णन याच संहितेंत आहे, पण तें दुसरीकडे. चिकित्सास्थानाच्या सातव्या अध्यायांत मुतखडा शस्त्रानें काढण्याची कृति सांगतांना ग्रंथकार बजावतो कीं, स्त्रियांचा गर्भाशय बस्तीच्या शेजारींच लागून असतो; म्हणून शस्त्राची दिशा वरच्या अंगास ठेवावी, नाहीं तर सतत मूत्र गळणारा व्रण होऊन बसेल. ज्यानें हें लिहिलें त्यानें असा व्रण झालेली स्त्री पाहिली असली पाहिजे. आशयांची यादी करणारा पंडित आणि हातांत शस्त्र घेतलेला वैद्य हे दोघे एकाच ग्रंथांत शेजारीं शेजारीं बसले आहेत. त्यांना एकमेकांत मिसळवून टाकणें हा टीकाकाराचा दोष होय. (मधुसूदन गुप्त यांनीं संहिता छापली त्याच सुमारास, १८३६ सालीं, कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजांत स्वतः शवच्छेद केला, ही गोष्ट येथें सहज आठवते.)

वयांत येण्याविषयींचें मुख्य स्थळ शारीरस्थानांत नसून सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायांत आहे, आणि त्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. कळींत गंध आहे किंवा नाहीं हें सांगतां येत नाहीं. पाकळ्या उमलल्या म्हणजे तो कळतो. तसें बालकांच्या ठिकाणीं शुक्र असूनहि सूक्ष्मपणामुळें दिसत नाहीं. वय वाढलें म्हणजे प्रकट होतें, आणि मुलींच्या ठिकाणीं त्याच वेळीं रोमराजि, आर्तव इत्यादि विशेष दिसूं लागतात, असें तेथें प्रतिपादन आहे. उपमा सुंदर आहे. पण ती कोठें लागू पडते हें पाहूं गेल्यास मौज दिसते. मुलीच्या अंडाशयांत स्त्रीबीजें तिच्या जन्मापूर्वींच असतात, हें आज सिद्ध आहे. म्हणजे कळींतील गंधाचा दृष्टांत तिला अक्षरशः लागतो. मुलाच्या शरीरांत मात्र शुक्रजंतु तयार होण्यास प्रारंभच मुळीं वयांत आल्यावर, मेंदूच्या तळाशीं असलेल्या पिट्युइटरी ग्रंथीच्या स्रावांची प्रेरणा मिळाल्यावर होतो. सुश्रुतानें उपमा योजिली मुख्यतः शुक्रासाठीं; ती खरी ठरली आर्तवाच्या बाजूस.

आतां ज्या स्थळासाठीं हा लेख लिहिला त्याकडे वळतों. आर्तव बाराव्या वर्षापासून सुरू होतें व पन्नाशीस क्षीण होतें, हें सूत्रस्थानांत व शारीरस्थानांत दोहों ठिकाणीं आहे. वाग्भटहि तेंच सांगतो. सूत्रस्थानाच्या पस्तिसाव्या अध्यायांत मात्र पुरुष पंचविसाव्या व स्त्री सोळाव्या वर्षीं पूर्ण वीर्यास पोंचतात असें म्हटलें आहे. आणि शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायांत, सोळा वर्षांखालील स्त्रीच्या ठिकाणीं पंचविशीच्या आंतील पुरुषानें गर्भ ठेविल्यास तो पोटांतच नाश पावतो, जन्मलाच तर फार जगत नाहीं, किंवा दुर्बल इंद्रियांचा होतो, म्हणून अति बाल स्त्रीच्या ठिकाणीं गर्भाधान करूं नये, असा स्पष्ट निषेध आहे. या श्लोकांच्या लगतच पूर्वीं एक गद्य वाक्य आहे: पंचवीस वर्षांच्या पुरुषास अमुक वर्षांची पत्नी करून द्यावी. हें ‘अमुक’ कांहीं प्रतींत बारा आहे, कांहींत सोळा.

हा केवळ अक्षरांचा खेळ नव्हे. १८९० सालीं कलकत्त्यास फुलमणि दासी या बालवधूच्या मृत्यूचा खटला चालला, आणि १९ मार्च १८९१ रोजीं संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणारा कायदा झाला. त्या वादांत सुश्रुताचें नांव वारंवार घेतलें गेलें. पुण्यांत डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं धर्मशास्त्राच्या आधारें कायद्याची बाजू मांडिली. टिळकांनीं कायद्यास विरोध केला. आपल्याकडे मुलीस न्हाण आलें कीं तिला मखरांत बसवावयाचें आणि पुढें लौकरच फलशोभन उरकावयाचें, हा रिवाज होता. म्हणजे न्हाण हीच परिपक्वतेची खूण धरली जाई. सुश्रुत या दोन गोष्टींत चार वर्षांचें अंतर ठेवितो. त्या अंतरावर किती मुलींचें जीवित अवलंबून होतें, याचा अंदाज ज्याचा त्यानें करावा.

म्हणूनच ‘सोळा’ हा पाठ सर्वांस प्रिय व्हावा हें साहजिक आहे. त्याच्या बाजूनें बोलण्यासारखेंहि आहे: पुढचा श्लोक सोळाच सांगतो, आणि मनुस्मृतींत तीस वर्षांच्या वरास बारा वर्षांची कन्या सांगितली असल्यामुळें तिकडून ‘बारा’ लेखकाच्या लेखणींत उतरला, असें म्हणतां येईल. तथापि आमचें मत उलट आहे. शेजारीं सोळाचा श्लोक असतां कोणी जाणूनबुजून बारा लिहील, यापेक्षां मूळच्या बाराचे कोणी श्लोकाशीं जुळावें म्हणून सोळा केले, हें अधिक संभवनीय. अष्टांगसंग्रहाची साक्षहि याच बाजूस पडते. तेथें एकवीस वर्षांच्या पुरुषानें सुमारें बारा वर्षांची कन्या वरावी, आणि ती सोळा वर्षांची व तो पंचवीस वर्षांचा झाल्यावर पुत्रासाठीं यत्न करावा, असें सांगितलें आहे. हिशेब पाहा: दोघांसहि चार चार वर्षें थांबावयाचें. सुश्रुताच्या पंचवीस-बारा आणि पंचवीस-सोळा या जोड्या समोर असल्यावांचून संग्रहकारास ही बेरीज जुळविण्याचें कारण दिसत नाहीं. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें ज्यावर ‘आयुर्वेदरसायन’ टीका लिहिली त्या अष्टांगहृदयांत विवाहाचा बारा गळून सोळा व वीस एवढीच जोडी उरली आहे.

याचा अर्थ सुश्रुत बालविवाहाचा पुरस्कर्ता, असें कोणी म्हणेल. म्हणोत बापडे. विवाहाचें वय तो आपल्या काळच्या रूढीप्रमाणें घेतो. गर्भधारणेचें वय मात्र वैद्य या नात्यानें स्वतः ठरवितो आणि रूढीच्या पुढें चार वर्षें नेऊन ठेवितो. पहिलें रजोदर्शन झाल्यावरहि कटिभागाचीं हाडें कांहीं वर्षें वाढत राहतात, आरंभींच्या पुष्कळ ऋतुचक्रांत स्त्रीबीज सुटतहि नाहीं, आणि कोवळ्या वयांतील मातेस प्रसूति अडण्याचा धोका अधिक असतो, हें आजचें शास्त्र सांगतें. सुश्रुतानें मातेच्या धोक्याविषयीं येथें मौन धरिलें आहे, सर्व चिंता गर्भाची केली आहे, ही उणीव आम्ही झांकूं इच्छीत नाहीं. परंतु तिच्यासाठीं गद्य वाक्यांतील आंकडा बदलण्याची जरूर पडत नाहीं.

छापील संहिता बहुतांशीं बाराव्या शतकांतील डल्हणानें स्वीकारलेल्या पाठावर उभी आहे. काठमांडू येथील कैसर ग्रंथालयांतील ताडपत्री पोथी इ. स. ८७८ ची, म्हणजे डल्हणाच्या पूर्वींची, असून तिचा पाठ छापील पाठाहून अनेक ठिकाणीं वेगळा आहे. तेव्हां छापील अक्षर हेंच अखेरचें, असें धरून चालतां येत नाहीं. हाडांच्या बाबतींत हॉर्न्ले यांनीं १९०७ च्या आपल्या ग्रंथांत पाठ जुळवून पाहण्याचे जे श्रम केले, ते या अध्यायांच्या वांट्यास यावयास हवेत. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या संग्रहीं वैद्य घराण्यांतील तेलकट, बिनचित्राच्या, म्हणूनच तळाशीं पडलेल्या पोथ्या असतील, त्यांनीं शारीरस्थानाचा दहावा अध्याय काढून शेवटाकडील हें गद्य वाक्य पाहावें. बारा आहे कीं सोळा एवढेंच टिपून भागणार नाहीं. त्या शब्दावर हरताळ फासला आहे काय, समासांत दुसऱ्या हातानें कांहीं लिहिलें आहे काय, आणि पोथीचा शक व लेखनस्थळ कोणतें, हेंहि नोंदवावें. पांचव्या अध्यायांतील ‘फल’ हा शब्द एकवचनीच आहे कीं कोठें द्विवचन आढळतें, हेंहि त्याच बैठकींत पाहून घ्यावें.